पाहुण्याला जाग आल्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



आजचा विषय संगणकाचा आहे आणि बोलणारा मराठीत कविता लिहिणारा, कला शाखेचा साधा पदवीधर. तेव्हा काहींना आश्चर्य वाटेल. पण या विषयाकडे मला ओढून नेलं ते दोन शब्दांनी. संगणकवाले बोलताना ‘होस्ट’ आणि ‘गेस्ट’ असे शब्द वापरतात. यजमान आणि पाहुणा! आपल्या मनात हे शब्द उंबरठ्याशी, तांब्याभर पाण्याशी आणि ‘बसा, चहा टाकते’ या वाक्याशी जोडलेले. ते लोखंडी कपाटांत रचून ठेवलेल्या यंत्रांच्या जगात काय करतात, हे पाहायला मी गेलो. तिथं कळलं की यंत्रातल्या यजमानालाही पाहुण्याप्रति एक कर्तव्य असतं. ते चुकलं तर त्याची झळ तुमच्या-माझ्या कागदपत्रांपर्यंत पोचू शकते.

आधी हा पाहुणा कोण ते पाहू. खरा संगणक एकच असतो. त्यावर एक खास सॉफ्टवेअर चढवतात. ते त्या संगणकाची ताकद, स्मृती आणि साठवणीची जागा वाटून देतं आणि आत चार, दहा, कधी पन्नास संगणक असल्याचा भास उभा करतं. या प्रत्येक भासाला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे आभासी यंत्र म्हणतात. त्यात स्वतंत्र विंडोज किंवा लिनक्स चालतं. आतल्या विंडोजला वाटतं, हे घर माझंच, ही डिस्क माझी, हे घड्याळ माझं. प्रत्यक्षात ती पाहुणी असते आणि तिला जे जे दिसतं ते यजमानानं दाखवलेलं असतं.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात आयबीएमच्या केंद्रात १९६०च्या दशकात तिच्यावर काम झालं आणि १९७२ मध्ये त्या कंपनीनं ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली. टेबलावरच्या साध्या पीसीवर ती रुळली ती १९९९च्या व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरपासून. २००७ मध्ये ‘केव्हीएम’ या नावानं ती सोय लिनक्सच्या गाभ्यातच आली. आज ज्याला आपण ‘क्लाउड’ म्हणतो, त्या ढगात मुख्यतः असे पाहुणेच भरलेले असतात. आपल्या देशात नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरनं २०१४ मध्ये ‘मेघराज’ या योजनेखाली राष्ट्रीय क्लाउड सेवा सुरू केली. सरकारी खात्यांची कामं तेव्हापासून अशा यंत्रांवर चालू लागली. तेव्हा हा विषय केवळ इंजिनिअर मंडळींचा राहिलेला नाही.

आता झोपेकडे येऊ. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९६ मध्ये संगणकाच्या विजेच्या वापराचे नियम ठरवले. त्यांना ‘एसीपीआय’ म्हणतात. त्यात झोपेच्या पायऱ्या आहेत. आपल्याला त्यांतल्या दोन पुरेत. एक ‘सस्पेंड’, तिला मी डुलकी म्हणेन. दुसरी ‘हायबरनेशन’, ती शीतनिद्रा. काही जनावरं हिवाळाभर झोपतात तशी.

स्वयंपाकघरात पाहिलं तर फरक पटकन कळेल. संगणकाची चालू स्मृती, म्हणजे रॅम, हा ओटा समजा आणि डिस्क हे फडताळ. डुलकीत ओट्यावरचं सगळं जिथल्या तिथं राहतं, फक्त गॅस अगदी बारीक करून ठेवलेला असतो. रॅमला थोडी वीज मिळत राहते. ती गेली तर ओट्यावरचं सगळं नाहीसं होतं. शीतनिद्रेत मात्र ओट्यावर काय कुठं होतं ते सगळं डब्यात भरून फडताळात ठेवायचं, गॅस बंद करायचा आणि घराला कुलूप लावायचं. महिन्यानं परत आलात तरी अर्धी चिरलेली भाजी आणि बाजूला ठेवलेली विळी अगदी तशीच ओट्यावर मांडून मिळते. भाजीला वाटतं, आत्ता कुठं चिरायला घेतलंय.

खऱ्या संगणकात हे सगळं एकाच घरातलं काम आहे. आभासी यंत्रात घरं दोन झाली. म्हणून झोपेचेही दोन प्रकार झाले आणि खरी गोष्ट इथं सुरू होते.

पहिला प्रकार, पाहुणा आपणहून झोपतो. तो आधी चालू प्रोग्रामना ‘थांबा’ सांगतो, डिस्क, पडदा, नेटवर्क यांना निरोप देतो आणि मग डोळे मिटतो. आपण झोपलो होतो हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे जाग आल्यावर तो आधी घड्याळ बघतो. यात अडचण एकच. घरच्या संगणकाला उठवायला कुणीतरी कळ दाबतं. या पाहुण्याला ना खरा कळफलक, ना खरं झाकण. कोण उठवणार? टेबलावरच्या संगणकांसाठी बनवलेल्या काही प्रणाली वीसेक मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप डुलकी घेतात. तीच प्रणाली आभासी यंत्रात बसवली तर तीही वीस मिनिटांनी बिनधास्त झोपते. दुरून काम करणाऱ्याला वाटतं यंत्र बंद पडलं. ते बंद पडलेलं नसतं, ‘ऊठ’ असं सांगणारी यजमानाची आज्ञा येईपर्यंत ते घोरत असतं. म्हणून जाणती मंडळी पाहुण्याची ही सवय सुरुवातीलाच बंद करतात. लिनक्सवरच्या ‘नोम’ या प्रणालीनं तर आपण आभासी यंत्रात आहोत का हे तपासायची आणि तसं असेल तर आपोआप न झोपायची समज स्वतःत घालून घेतली आहे.

दुसरा प्रकार, यजमान पाहुण्याला झोपवतो. वीज जायची आहे, दुरुस्ती करायची आहे किंवा नुसती जागा मोकळी करायची आहे. यजमान पाहुण्याला आहे त्या क्षणी गोठवतो, त्याची सगळी स्मृती एका फाइलमध्ये उतरवतो आणि ती ठेवून देतो. पाहुण्याला कुणी विचारलेलं नसतं. तो वाक्याच्या मधोमध असतो. दोन दिवसांनी यजमान ती फाइल उघडतो आणि पाहुणा त्याच वाक्याचा पुढचा शब्द उच्चारतो. आपण झोपलो होतो, हेच त्याला माहीत नसतं.

इथं मला हटकून आठवतात ते ‘असहाबे कहफ’, गुहेतले सोबती. कुराणात ‘कहफ’ म्हणजे गुहा या नावाची एक सूरा आहे, तिच्यात ही कथा येते. ख्रिस्ती परंपरेतही ती इफिससच्या सात निद्रिस्तांची कथा म्हणून सांगतात. श्रद्धेपायी छळ होईल म्हणून काही तरुण गुहेत आश्रय घेतात आणि झोपी जातात. उंबऱ्याशी त्यांचा कुत्रा पुढचे पाय पसरून बसलेला. झोप तीनशे नऊ वर्षांची होते. उठल्यावर त्यांना वाटतं, एखादा दिवस गेला असेल. भूक लागलेली असते म्हणून ते एकाला चांदीचं नाणं देऊन शहरात अन्न आणायला पाठवतात. कथा सांगणारे सांगतात की त्या नाण्यानंच सगळं उघडकीला आलं. नाणं खरं होतं, देणारा प्रामाणिक होता, फक्त त्याचा काळ संपला होता.

झोपवलेला पाहुणा जागा होतो तेव्हा त्याच्या हातात असंच जुनं नाणं असतं. मोठ्या कार्यालयांत एका यंत्रानं दुसऱ्याला ओळख पटवून द्यायची ‘कर्बेरॉस’ नावाची पद्धत आहे. तीत दोन्हीकडची घड्याळं जुळावी लागतात आणि नेहमीची सवलत असते फक्त पाच मिनिटांची. दोन दिवस झोपून उठलेला पाहुणा शुक्रवारचं घड्याळ घेऊन सोमवारच्या दारात उभा राहतो आणि दारवान त्याला परत पाठवतो. बरं, ज्यांच्याशी तो झोपण्यापूर्वी बोलत होता त्यांनी केव्हाच फोन ठेवलेला असतो. हा मात्र कानाला रिसीव्हर लावून पुढचं वाक्य बोलतोय.

दारवानानं परत पाठवलं तर ते बरंच म्हणायचं. न पाठवलं तर? समजा, एखाद्या कार्यालयात अर्ज नोंदवणारं आभासी यंत्र शुक्रवारी संध्याकाळी झोपवलं. अर्जाची मुदत शनिवारी संपली. सोमवारी सकाळी यंत्र उठवलं आणि त्याचं घड्याळ दुरुस्त होण्याआधी आलेला अर्ज शुक्रवारच्या तारखेनं नोंदला गेला. आता तो अर्ज मुदतीत की मुदतीबाहेर? यात कुणी लबाडी केलेली नाही. यंत्रानं त्याला जी तारीख खरी वाटली तीच लिहिली. पण कोर्टकचेरीत हा कागद पुढं आला तर कारकून, अर्जदार आणि यंत्र यांच्यापैकी खोटं कोण ठरणार? जमिनीची फेरफार नोंद, परीक्षेचा अर्ज, निविदा, बँकेतला व्यवहार, या सगळ्यांचा जीव तारखेत असतो.

तुम्ही म्हणाल, घड्याळ आपोआप लागत नाही का? लागतं. त्यासाठी ‘एनटीपी’ नावाची व्यवस्था आहे. पण तिचा मुळातला प्रोग्राम मोठा शहाणा आहे. थोडा फरक असेल तर तो घड्याळ हळूहळू सरकवतो. फरक १००० सेकंदांहून, म्हणजे सुमारे सतरा मिनिटांहून मोठा दिसला तर ‘इथं काहीतरी गंभीर आहे, माणसानं येऊन बघावं’ असं मानून तो चक्क बंद पडतो. जागेवर बसलेल्या संगणकासाठी ही खबरदारी योग्यच आहे. दोन दिवस झोपून उठलेल्या पाहुण्याच्या बाबतीत मात्र, ज्या वेळी वैद्याची सगळ्यात जास्त गरज असते त्याच वेळी वैद्य निघून जातो. वेगळी सूचना दिली किंवा नवा प्रोग्राम वापरला, तरच हे टळतं.

काळ मोजण्याचा प्रश्न किती नाजूक आहे याचं एक उदाहरण सांगतो. लिनक्सच्या आत एकाहून अधिक घड्याळं असतात. त्यांतलं एक फक्त जागेपणाचा काळ मोजतं, झोपेत ते थांबतं. दुसरं झोपेसकट सगळा काळ मोजतं. २०१८ मध्ये लिनक्स बनवणाऱ्यांना वाटलं, दोन कशाला, दोन्ही एकसारखीच करू. बदल केला आणि काही आठवड्यांत मागं घ्यावा लागला. कारण काही प्रोग्रामवर नजर ठेवणारे रखवालदार असतात. ठरलेल्या वेळात प्रोग्रामनं ‘मी आहे’ म्हटलं नाही तर तो अडकला असं समजून ते त्याला मारून टाकतात. संगणक रात्रभर झोपून सकाळी उठला की रखवालदार हिशेब करायचे, ‘हा आठ तास गप्प होता!’ आणि निरोगी प्रोग्राम मारले जायचे. जागेपणाचं वय आणि जन्मापासूनचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यंत्रालाही मान्य करावं लागलं. यजमानानं न सांगता झोपवलेल्या पाहुण्याची पंचाईत याहून मोठी. त्याच्या लेखी झोप झालेलीच नसते, म्हणून झोपेसकट काळ मोजणारं ते दुसरं घड्याळही त्याच्या उपयोगी पडत नाही.

याच्या आणखी दोन बाजू आहेत. झोपलेल्याच्या घरातलं सामान हलवू नये, ही पहिली. शीतनिद्रेत गेलेल्या यंत्राची डिस्क दुसऱ्या कुणी उघडून तीत फेरफार केले तर उठलेला पाहुणा आपल्या आठवणीप्रमाणे लिहायला जातो. तिथं आता दुसरंच काही असतं. तो त्याच्यावर लिहितो आणि दोन्ही बिघडतं. अंधारात पाण्याचा माठ होता तिथं हात घालावा आणि तिथं कुणी दिवा ठेवलेला असावा, तसं.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जपून ठेवलेली झोप म्हणजे शेवटी एक फाइल. तिच्यातून पाहुण्याला एकदा उठवता येतं तसं दोनदाही उठवता येतं. एकच माणूस दोनदा त्याच सकाळी जागा झाला तर? इंटरनेटवरची गुप्तता यादृच्छिक, म्हणजे आधी कुणाला सांगता न येणाऱ्या आकड्यांवर उभी असते. आणि दोन्ही वेळा जागा झालेला पाहुणा तोच ‘गुपित’ आकडा काढू शकतो. थॉमस रिस्टनपार्ट आणि स्कॉट यिलेक या अमेरिकन संशोधकांनी २०१० मध्ये हे दाखवून दिलं. अशा पुनर्जागृत यंत्रांवर ब्राउझर तेच गुपित पुन्हा वापरत होते आणि एका प्रकारच्या सर्व्हरची तर मूळ किल्लीच हाती लागू शकत होती. एकच नाणं दोनदा बाजारात आलं की ते नाणं पाडणारा साचाच चोराला कळावा, असा हा प्रकार.

त्यावर उपाय निघाला तो यजमानाकडूनच. मायक्रोसॉफ्टनं २०१२च्या विंडोज सर्व्हरमध्ये एक व्यवस्था आणली. यजमान पाहुण्याला एक लांबलचक क्रमांक देतो. नुसतं थांबवून पुढं चालू केलं तर तो बदलत नाही. जुन्या जपलेल्या स्थितीतून उठवलं किंवा नक्कल काढली, तर बदलतो. पाहुण्यानं उठल्यावर तो पाहायचा. बदललेला दिसला की समजायचं, आपण मागच्या काळातून आलो आहोत, जुनी गुपितं टाकून द्या. लिनक्समध्ये ही समज २०२२ मध्ये आली. गुहेच्या तोंडाशी कुणी पाटी लावून ठेवावी, ‘बाबांनो, राजा बदलला आहे, नाणी बदलून घ्या’, तशी ही सोय.

आणि झोपेची फाइल राखायचीही असते. तिच्यात पाहुण्याच्या मनातलं सगळं असतं, पासवर्डसुद्धा. ॲमेझॉन कंपनीनं २०१८ मध्ये आपल्या क्लाउडवर शीतनिद्रेची सोय दिली तेव्हा ती ज्या डिस्कवर उतरते ती सांकेतिक लिपीत कुलूपबंद असलीच पाहिजे अशी अट घातली. त्यांच्या नियमांत आणखी एक गंमत आहे. एका झोपेला साठ दिवसांची मर्यादा आहे. झोपलेल्या यंत्राच्या वेळेचे पैसे पडत नाहीत, साठवणीच्या जागेचे मात्र पडतात. झोप फुकट, अंथरुणाचं भाडं!

गुहेतल्या झोपेची कथा आपल्या पुराणांतही आहे. देवांच्या बाजूनं लढून थकलेला मुचकुंद राजा झोपेचं वरदान मागतो. त्याला जो उठवील तो त्याच्या पहिल्या दृष्टीनं भस्म होईल. कालयवन त्याला लाथ मारून उठवतो आणि जळून जातो. झोपलेल्याला उठवणाऱ्यानं त्याच्या पहिल्या नजरेचा विचार करावा, एवढं त्यातून घेऊ. उठल्याबरोबर पाहुणा राहिलेली सगळी कामं एकदम काढतो. चाळीस पाहुणे एकाच क्षणी उठले तर सगळे एकाच डिस्कवर, एकाच नेटवर्कवर तुटून पडतात आणि यजमानच कोलमडतो. म्हणून त्यांना थोड्या थोड्या अंतरानं उठवायचं असतं.

लिनक्सवर पाहुण्यांची व्यवस्था पाहणारं ‘लिबव्हर्ट’ नावाचं सॉफ्टवेअर फार वापरात आहे. यजमान बंद होताना पाहुण्यांना झोपवायचं आणि तो परत सुरू झाला की उठवायचं, हे काम ते करतं. त्याच्या नियमांच्या यादीत दोन पाहुण्यांना उठवण्यात किती सेकंदांचं अंतर ठेवायचं ते लिहिता येतं. दुसरी एक ओळ आहे, उठवल्यावर पाहुण्याचं घड्याळ यजमानाच्या घड्याळाशी जुळवायचं की नाही. त्यासाठी पाहुण्याच्या आत एक छोटा मदतनीस प्रोग्राम बसवावा लागतो. ही दुसरी ओळ मुळात बंद ठेवलेली असते. कुणीतरी मुद्दाम जाऊन ती सुरू करावी लागते.

मला वाटतं, सगळा विषय या एका ओळीत आला. झोपवण्याची कला यंत्रांना उत्तम साधली आहे. अर्ध्या वाक्यावर थांबवलेला पाहुणा महिन्यानं पुढचा शब्द बिनचूक उच्चारतो, हे नवल आहेच. पण तो झोपला तेव्हा सूर्य कुठं होता आणि आता कुठं आहे, हे त्याला आपणहून कळणार नाही. जो जागा होता त्यानंच ते सांगायचं. आपल्याकडे लांबच्या प्रवासातून थकून आलेला पाहुणा दुपारी झोपून भलत्या वेळी उठतो, तिन्हीसांजेला पहाट समजून दात घासायला निघतो. तेव्हा घरातलं कुणीतरी हसून म्हणतं, ‘अहो, संध्याकाळ झाली, चहा घ्या.’ यंत्रांच्या घरात हे वाक्य म्हणणारं कुणी आहे का, याची खात्री करून घेणं हे त्या यंत्रांवर आपली कागदपत्रं सोपवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाचं काम आहे. तुमच्या ओळखीत संगणक विभागात काम करणारं कुणी असेल तर त्यांना एवढंच विचारा, ‘तुमचे पाहुणे झोपून उठले की त्यांना वेळ कोण सांगतं?’ उत्तर चटकन आलं तर समजा, यजमान जागा आहे.